सावरीची गादी

राहुरीहून निघालेली कोळशावरची मोटार वाटेत दोनदा बंद पडली. रजिया नेवाशाच्या घरी पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि घरातलं प्रत्येक माणूस कुणावर ना कुणावर तरी चिडून बसलं होतं. बिस्मिल्ला धाकट्या मुलावर, चांदवर, चिडली होती, कारण तो बायकोला माहेराहून आणायला एक दिवस उशिरा गेला. चांद मोटारवाल्यावर चिडला होता. शेजारची झुंबरबाई सकाळपासून मलिद्याच्या आशेनं येऊन बसली होती. ती कुणावर चिडली नव्हती, नुसती भुकेली होती.

रजियाला हे सगळं उंबऱ्यातच कळलं. चाळिसावा उरकून बाळंतीण सासरी आली की तिचं कौतुक होतं, असं माहेरी सगळ्यांनी सांगितलं होतं. तिला कौतुक नको होतं, आडवं व्हायचं होतं. मोटारीच्या धुरानं डोळे चुरचुरत होते आणि तान्हा अमीन सबंध वाटभर पोट आवळून रडला होता.

"आन त्याला हिकडं," बिस्मिल्ला म्हणाली. नातवाला घेतल्यावर मग तिनं सुनेकडं बघितलं. "लई वाळलीस गं. जा, भिंतीला टेकून बस घटकाभर."

आतल्या खोलीत खाजाभाई गादीशेजारी बसून होते. नातू दारात आला तरी ते उठले नाहीत. त्याला गादीपाशी आणलं जावं, हीच त्यांची इच्छा होती.

तालुक्यात लग्नाची गादी म्हटली की खाजाभाई पिंजाऱ्याचंच नाव निघे. जन्मभर दुसऱ्यांसाठी गाद्या भरल्या आणि स्वतः घोंगडीवर झोपले. पण घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकरासाठी एक गादी आज्यानं स्वतःच्या हातानं भरायची, हा या घराचा रिवाज होता. खाली तीनदा पिंजलेला कापूस आणि वर सावरीचा. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटत तेव्हा खाजाभाई प्रवरेच्या काठानं झाडं धुंडाळत हिंडत आणि तो रेशमासारखा कापूस टोपलीत गोळा करून आणत. लढाईमुळं कापड कुठं मिळत नव्हतं, तरी खोळीसाठी त्यांनी ईदला ठेवलेलं मांजरपाट काढलं होतं. गादी भरून झाली की ते तिच्यावर एक सुपारी टाकत. सुपारी बुडून दिसेनाशी झाली तर गादी जमली. ही गादी जमली होती. सकाळपासून त्यांनी ते तीन वेळा करून बघितलं होतं, आणि दर वेळी त्यांचा कापसाच्या धुळीचा जुना खोकलाही थोडा कमी झाल्यासारखा वाटला होता.

"घाला त्याला," ते म्हणाले. "अल्लाचं नाव घेऊन घाला."

फातेहा झाली. अमीनला गादीवर ठेवलं तसा तो अर्धा आत गेला, आणि झुंबरबाई म्हणाली, "आगं बया, राजाचं लेकरू झालं की हे!" खाजाभाई हसले. गेल्या दोन वर्षांत ते इतक्या मोकळेपणानं हसलेले कुणी पाहिले नव्हते.

अख्तरी चुलीपाशी होती आणि तिथूनच हे सगळं बघत होती. ती मोठी सून, रज्जाकची बायको. सकाळी सासूनं तिला जवळ बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "मलिदा कर, भाकरी थाप, समदं कर. पर लेकराला हात लावू नगंस. मला कायबी वाईट बोलायचं न्हाई, पर लावू नगंस."

अख्तरी व्हय म्हणाली होती. दोन हिवाळ्यांपूर्वी तिची नूरीही अशीच चाळिसावा झाल्यावर या घरात आली होती, आणि तिच्यासाठीही अशीच गादी तयार होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अख्तरी नदीवरून पाणी आणायला गेली. परत आली तर रज्जाक लेकीला हातात घेऊन उभा होता आणि लेक थंड झाली होती. दात येईस्तोवर लेकराला एकटं टाकू नये, हे काय कुणी सांगावं लागतं? एकटं टाकलं आणि कुणी तरी घेऊन गेलं. कोण घेऊन गेलं, यावर घरात आणि गल्लीत वेगवेगळी मतं होती. कुणामुळं गेलं, याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. अख्तरीचंही तेच मत होतं. रज्जाक तेव्हापासून दुकानात झोपायचा. दोघांत भांडण नव्हतं. भांडायला लागणारा जोरच उरला नव्हता.

अमीन पुन्हा कळवळून रडायला लागला.

"वारा धरलाय पोटात," बिस्मिल्ला म्हणाली. "पालथा घालते. चांदलाबी असंच करत हुते मी." तिनं त्याला पालथा केला, पाठीवर थोपटलं, वरून हलकी रजई ओढली. रडणं हळूहळू बारीक झालं आणि मग थांबलं.

"बघ, निजला," ती खाजाभाईंना म्हणाली.

"गादीचा गुन हाय तो."

"गादीचाच. आता तुमी जरा खोकू नगा म्हंजे झालं."

भिंतीला टेकलेल्या रजियाचे डोळे मिटले. झुंबरबाईनं कापडाच्या टंचाईचा विषय काढला. साधं लुगडं मिळेना, सरकारचा माणूस येतो आणि नुसता दुकान बघून जातो. चांद दारात उभं राहून मोटारवाल्याची गोष्ट नव्यानं सांगायला लागला. लेकराच्या भोवती घर भरलेलं होतं.

अख्तरी मलिद्याचं ताट घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिची नजर रजईवर गेली होती. तिला नजर काढताच येत नसे, झोपलेलं लेकरू दिसलं की ती त्याची पाठ वर-खाली होते का ते बघत बसायची, कुणाचंही असो. बाजारात, दर्ग्यात, कुठंही. आज ती बघत राहिली, आणि रजई हलेना. तिनं स्वतःलाच समजावलं की रजई आहे, कळत नसेल. मग तिला अमीनचं डोकं दिसलं. गादीच्या कडा दोन्ही बाजूंनी वर आल्या होत्या आणि डोकं सरळ खाली, नाकातोंडासकट.

ताट कधी खाली पडलं ते तिला कळलं नाही. तिनं रजई फेकली, लेकराला उचललं, उलटं करून पाठीवर हात मारला, एकदा, दोनदा. लेकरू हातात लोळत होतं. मग त्यानं एक उचकी दिली आणि घर दणाणून जाईल असा टाहो फोडला.

"अगं ए!" बिस्मिल्ला ओरडली. "सांगितलं हुतं ना तुला! झोपलं हुतं की ते!"

"झोपलं न्हवतं, अम्मा." अख्तरी म्हणाली. "दम घेत न्हवतं ते."

"आत्ता तर निजलं हुतं," झुंबरबाई म्हणाली. "दचकलं आसंल बिचारं."

चांद पुढं आला. "भाभी, द्या त्याला. तुमाला सकाळीच सांगितलं हुतं ना..."

"काय सांगितलं हुतं?" रजियानं विचारलं. ती उठून उभी राहिली होती.

चांदनं सांडलेल्या मलिद्याकडं बघितलं. सासूनंही तिकडंच बघितलं.

"काय सांगितलं हुतं भाभीला?"

"हात लावू नगं म्हनून," अख्तरीच म्हणाली. "बरुबरच हाय त्यांचं. घे तुझं लेकरू." तिनं अमीनला रजियाच्या हातात दिलं आणि मागं सरकली.

रजिया दमली होती, पण आंधळी नव्हती. ताट पडल्याच्या आवाजानं तिचे डोळे उघडले तेव्हा अख्तरीनं लेकराला उलटं केलं होतं आणि त्याचं तोंड रजियाच्याच बाजूला होतं.

"त्याचे व्हट निळे हुते," ती म्हणाली. "जांभळासारखे. मी बघितले."

"थंडी हाय," चांद काही तरी म्हणायचं म्हणून म्हणाला.

"थंडी मला कळती. ही थंडी न्हवती."

आता दारात रज्जाक आला होता. ओरडणं ऐकून तो दुकानातून उठून आला होता आणि त्याच्या भुवयांवर कापसाची धूळ होती. त्यानं आईकडं बघितलं नाही, भावाकडंही नाही.

"काय झालं?" त्यानं बायकोला विचारलं.

दोन वर्षांत त्यानं तिला सरळ काही विचारायची ही पहिलीच वेळ होती.

"सगळी हुती हितं," ती म्हणाली. "अम्मा, अब्बा, चांदभाई, झुंबरबाई. रजिया तर त्याच्याजवळ हुती. कुनी एकटं न्हवतं टाकलं त्याला. तरीबी त्याचा दम बंद झाला हुता." मग जे बोलायचं धाडस तिनं मनातसुद्धा कधी केलं नव्हतं ते बोलली. "मग नूरी एकटी हुती म्हनूनच गेली, हे कशावरनं?"

रज्जाक गादीपाशी जाऊन उकिडवा बसला. लेकराला उचललेल्या जागी गादीला खड्डा पडला होता, वाटीएवढा, आणि खोळीवर लाळेचा ओला डाग होता. त्याचा हात पुढं झाला. पिंजाऱ्याच्या मुलाचा हात. गादीला खळगा दिसला की तो सपाट करायला आपोआप पुढं होतो. त्यानं तो मधेच मागं घेतला.

"नूरीच्या गादीलाबी असाच खड्डा हुता," तो म्हणाला. "तिला मीच उचलली. एका हातात ती हुती, आन् दुसऱ्या हातानं मी गादी सारखी केली. काय सुचत न्हवतं, पर हात मातुर चालला."

"कशाचा खड्डा?" खाजाभाईंनी विचारलं. त्यांचा आवाज इतका शांत होता की बिस्मिल्लाला भीती वाटली.

"तोंडाचा, अब्बा."

"म्हंजे?"

"मला नीट सांगता येत न्हाई."

"मला कळतंय तुला काय सांगायचंय." खाजाभाई उठायला गेले, खोकल्यानं त्यांना परत खाली बसवलं. "गादीनं लेकरू मरतंय व्हय? माझ्या गादीनं? लोक वर्षभर आधी सांगून ठेवत्यात, आन् माझाच लेक मला... उद्या गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई!"

"अब्बा, गावाचं कुनी काढलं?" रज्जाक म्हणाला.

"भाई, तुमीबी काय," चांद म्हणाला. त्याला बापाचा चेहरा बघवत नव्हता. "भाभीला वाईट वाटतंय, मला कळतंय. पर त्यापायी अब्बांच्या माथी कशाला मारायचं?"

"कुनी कुनाच्या माथी मारत न्हाई," रजिया म्हणाली. "पर मी त्याला हिच्यावर निजवायची न्हाई."

"रिवाज हाय घरचा," चांद म्हणाला.

"मग रिवाजाला निजवा हिच्यावर."

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. घरात आलेल्या नव्या सुनेनं असं बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं आणि हे सांगायला तिला सबंध गल्ली पडली होती. पण ती उठली नाही. उठवतच नव्हतं.

"मी चाळीस दिस चटईवर वाकळ टाकून निजवलाय त्याला," रजिया पुढं बोलत होती, आता थोडी खालच्या आवाजात, कारण अमीन तिच्या खांद्यावर शांत होत होता. "उताना. माझी आई म्हनायची, पिंजाऱ्याच्या घरी दिलीय तुला, तिथं गेल्यावर मऊ मिळंल."

बिस्मिल्लानं नवऱ्याची बाजू घ्यायचं ठरवलं. तिनं आयुष्यभर तेच केलं होतं आणि आज दुसरं काही करायचं बळ तिच्यात नव्हतं. "रज्जाक असल्याच गादीवर वाढला," ती म्हणाली. "चांद वाढला. झालं का त्यांना काय?"

"तेच तर!" खाजाभाईंनी मांडीवर हात मारला. "दोघं घोड्यासारखी उभी हायेत समोर. आन् मधली दोन गेली, ती काय गादीनं गेली? ती तर चांगली दूध पिऊन निज..."

ते तिथंच थांबले.

बिस्मिल्लाला वाटलं, कुणी तरी आपल्याला धरावं. रज्जाकच्या पाठची दोन. एक मुलगा, एक मुलगी. दोघंही थंडीतली. संध्याकाळी दूध पिऊन निजली आणि सकाळी उठली नाहीत. ताप नाही, खोकला नाही. सासूनं तेव्हा तिला चुलीसमोर बसवून सांगितलं होतं की तुझं दूध जड आहे, लेकराला सोसत नाही. चांद झाला तेव्हा भीतीपोटी तिनं त्याला दिवस-रात्र छातीवर घेऊन काढलं, गादीवर फक्त कौतुकापुरतं घातलं. म्हणून चांद वाचला? तिनं आधार शोधायला हात पुढं केला, तर भिंत लांब होती.

"आन् रज्जाकला थान सुटंस्तोवर माझ्या आईनं झोळीत वाढवला," ती म्हणाली. हे ती कुणाला सांगत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. "हितं कुठं आणला हुता आपन त्याला? तुमी अंगनात नाचत हुता गादी घेऊन, आन् आई पाठवीना."

खाजाभाई बायकोकडं बघत राहिले. मग त्यांनी डोक्याची टोपी काढून बाजूला ठेवली.

"बघतोच मी," ते म्हणाले.

ते गुडघ्यांवर आले, हात टेकले आणि लेकराच्या जागी स्वतःचं तोंड गादीत घातलं.

"अब्बा!" चांद पुढं झाला. रज्जाकनं त्याला धरलं.

त्यांची पाठ दिसत होती, बंडीतून हाडं दिसत होती. साठीच्या माणसाचं डोकं जड; ते कानांपर्यंत आत गेलं. सगळे त्या पाठीकडं बघत होते. आधी ती हलली, वर आली, खाली गेली. मग जोरानं वर आली आणि तिथंच अडकली. म्हाताऱ्याची बोटं खोळीत रुतली, आतून एक घुसमटलेला आवाज आला, आणि तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

खोकला बराच वेळ थांबला नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं. झुंबरबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मला मान उचलता येती," ते म्हणाले.

गादीचं एक टोक हातात धरून ते तसेच बसून राहिले, आणि जन्मभर कापसानं भरलेली ती छाती खरखर वाजत राहिली. चांदला बापाजवळ जावंसं वाटत होतं आणि जवळ जाऊन काय करायचं हे कळत नव्हतं. शेवटी तो त्यांच्या शेजारी जाऊन नुसता बसला.

रजियानं कुणाला विचारलं नाही. कोपऱ्यातली चटई ओढून तिच्यावर तिनं एक वाकळ घट्ट, सपाट पसरली आणि अमीनला उताणा निजवला. बिस्मिल्ला सवयीनं उशी घेऊन पुढं झाली.

"नगं अम्मा. उशी नगं."

"गार लागंल गं त्याला."

"बंडी हाय अंगात, टोपडं हाय. मी छातीपतूर पांघरून खाली खोचते. तोंडाशी काय नगं."

बिस्मिल्लानं उशी परत ठेवली. मग ती मोठ्या सुनेकडं वळली. अख्तरी खाली बसून सांडलेला मलिदा ताटात भरत होती, एकेक कण, जणू आज तेवढंच काम तिच्याकडून अपेक्षित होतं. बिस्मिल्ला तिच्यासमोर बसली. दोघींच्या मधे ताट होतं.

"मी तुला लई बोलले," बिस्मिल्ला म्हणाली.

अख्तरीनं हात थांबवला. सासूनं इतकं म्हटल्यावर सुनेनं काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक होतं. तुमी काय परक्या हाय का, जाऊ द्या, नशिबात हुतं. त्यातलं काहीच तिच्या तोंडातून येईना.

"व्हय, बोललात," ती म्हणाली. "आन् मला ते खरं वाटलं."

बिस्मिल्ला मान खाली घालून बसली. तिलाही तिच्या सासूचं खरं वाटलं होतं, पण हे सांगायची ही वेळ नाही एवढं तिला कळलं. तिनं ताट स्वतःकडं ओढलं आणि उरलेला मलिदा भरायला लागली.

रज्जाक दारात उभा होता. त्याला काही तरी बोलायचं होतं, ते अख्तरीला दिसत होतं. पण आज ते ऐकायला तिच्यात त्राण नव्हतं. दोन वर्षं तो थांबला होता, आणखी थोडा थांबेल.

"भाकरी तुमी थापा, अम्मा," ती म्हणाली. "मी जरा पडते."

"पड. दुकानात जाऊन पड, तिथं शांत हाय."

"न्हाई. हितंच."

ती चटईपाशी गेली आणि अमीनपासून हातभर अंतर सोडून उघड्या जमिनीवर कुशीवर आडवी झाली. त्याची छाती वर-खाली होत होती. तिनं हात लांब केला आणि एक बोट त्याच्या मुठीत दिलं. लेकरानं ते धरलं. रजिया पलीकडं बसली होती. तिनं अख्तरीच्या पायांवर स्वतःची शाल टाकली.

चुलीवरून बिस्मिल्लानं हे बघितलं. झुंबरबाईनंही बघितलं आणि सवयीनं काही बोलायला तोंड उघडलं.

"काय बोलू नगा, झुंबरबाई," बिस्मिल्ला म्हणाली. "झोपू द्या तिला."